बंदरांचा इतिहास शोधताना: गॅझेटियरपासून शाळेच्या हॉलपर्यंत

रत्नागिरी जिल्ह्याच्या बंदरांवरचं आमचं प्रदर्शन 19 ऑगस्ट 2024 ला, नारळी पौर्णिमेच्या दिवशी, एका शाळेच्या हॉलमध्ये मांडलं. तेव्हापासून फोन येत असतात. कोणाला आपल्या गावच्या बंदराबद्दल शोधायचं असतं, कोणाला बोटीवर गेलेल्या आणि परत न आलेल्या पणजोबांबद्दल. बहुतेक जण पहिल्याच कार्यालयात अडकलेले असतात. प्रत्येकाला फोनवर सगळं सांगणं जमत नाही, म्हणून जसं घडलं तसं क्रमाने लिहिते आहे.

सुरुवात 2022 च्या दिवाळीनंतर झाली. मी बँकेत नोकरी करते. माझं माहेर दाभोळ खाडीच्या काठचं. सोबत दोघे होते, हायस्कूलमधून निवृत्त झालेले एक गुरुजी आणि फोटोग्राफी करणारा माझा मामेभाऊ. किल्ल्यांवर लिहिलेलं भरपूर मिळत होतं. पण ज्या बंदरांच्या राखणीसाठी सुवर्णदुर्ग, गोपाळगड, जयगड, पूर्णगड उभे राहिले, त्या बंदरांत कोण राहत होतं, कोणता माल चढत-उतरत होता, गलबतं कोण बांधत होतं, हे विचारलं की माहिती संपायची. आम्हाला नेमकं तेच हवं होतं.

पहिले दोन महिने घरबसल्या वाचनात गेले. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा (इंग्रज सरकारने छापलेल्या जिल्हावार माहितीच्या ग्रंथांचा) दहावा खंड रत्नागिरी आणि सावंतवाडीचा आहे, 1880 सालचा. तो इंटरनेटवर फुकट वाचता येतो. इंग्रजी जुन्या वळणाचं आहे, पण रोज रात्री चार-पाच पानं वाचली तर जमतं. त्यात बंदरांची विभागणी दोन गटांत केली आहे: नदीच्या तोंडाशी असलेली समुद्राकाठची बंदरं आणि खाडीतून आत, जिथे गलबताचा मार्ग संपतो तिथली बंदरं. हे वाचलं आणि जिल्ह्याचा नकाशा वेगळाच दिसायला लागला. सावित्रीच्या तोंडाशी बाणकोट, आत महाड. वाशिष्ठीवर दाभोळ आणि चिपळूण. शास्त्रीवर जयगड आणि संगमेश्वर. तसंच जैतापूर आणि राजापूर, विजयदुर्ग आणि खारेपाटण. आणि आतल्या प्रत्येक बंदरापासून पुढे एक घाट चढून देशावर जाणारी वाट. चिपळुणाहून कुंभार्लीने कऱ्हाडकडे, राजापुराहून अणुस्कुऱ्याने कोल्हापूरकडे. समुद्र, खाडी, बाजारपेठ, घाट अशी ती एकच साखळी होती. प्रदर्शनाची मांडणी याच जोड्यांवर करायची, हे आम्ही तेव्हाच ठरवलं.

इथे दोन सूचना. सिंधुदुर्ग जिल्हा 1 मे 1981 ला वेगळा झाला, त्याआधीच्या कागदांत विजयदुर्ग, देवगड, मालवण हे सगळं 'रत्नागिरी'खालीच सापडतं. आणि इंग्रजी कागदांत नावं वेगळी असतात: विजयदुर्गाला घेरिया, सुवर्णदुर्गाला सेव्हर्नड्रूग, बाणकोटच्या किल्ल्याला फोर्ट व्हिक्टोरिया. सूचीत ही नावं शोधली नाहीत तर निम्मे कागद हाती लागत नाहीत.

याच वाचनात खारेपाटणचा ताम्रपट भेटला. शके 930 मधला, म्हणजे इसवी सन 1008 चा. दक्षिण कोकणच्या शिलाहार राजघराण्यातल्या रट्टराजाचा. देवळाला दिलेल्या दानाचा तो लेख आहे आणि त्या दानात परदेशातून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे सोन्याचा एक गद्याण (त्या काळचं नाणं) नेमून दिलेला आहे. हजार वर्षांपूर्वी बंदरात जहाज लागलं की देवळात सोनं जमा व्हायचं. खारेपाटण आज समुद्रापासून आत, महामार्गावरचं गाव आहे. एसटी थांबते तिथे उभं राहून हे कोणाला पटकन खरं वाटणार नाही. प्रदर्शनातला पहिला फलक याच ताम्रपटाचा केला.

जानेवारी 2023 मध्ये मुंबईला गेले. काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेख संचालनालयाचं, म्हणजे जुन्या सरकारी कागदांचं, दप्तर आहे, 1821 मध्ये सुरू झालेलं. जाताना विषय स्पष्ट लिहिलेला अर्ज, आधार कार्डाची प्रत, फोटो आणि गुरुजींच्या शाळेचं शिफारसपत्र बरोबर घेतलं होतं. शिफारसपत्र जरूर न्या. आपण कोणाच्या वतीने आलो आहोत हे समोरच्याला एका कागदात कळतं आणि बोलणं सोपं होतं. अर्जात 'कोकणचा इतिहास' असं मोघम लिहू नका. 'रत्नागिरी जिल्ह्यातील बंदरे व दीपगृहे, 1850 ते 1900' असं लिहिलं की तिथली माणसं आपणहून कुठली सूची बघावी ते सांगतात.

पहिला दिवस सूची चाळण्यातच जातो, हे मनाशी धरूनच जा. सूचीतून खंड क्रमांक काढायचा, मागणीपत्र भरायचं, मग खंड यायची वाट बघायची. काही खंड इतके जीर्ण असतात की देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. कागद उलटताना कडा हातात येतात. पेन्सिल, वही आणि सुती हातरुमाल न्या. नकलांची आणि फोटोंची परवानगी स्वतंत्र मागावी लागते; दर त्या-त्या दिवशी विचारून घ्या. मी बरंचसं हातानेच उतरवलं. हाताने उतरवलेलं डोक्यात राहतं, असा माझा अनुभव. बंदरातला गाळ, धक्क्याच्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक, जकातीच्या नाक्यावरच्या कारकुनाची बदली असे रुक्ष दिसणारे कागद हळूहळू बोलायला लागतात. राजापूरच्या खाडीतल्या गाळावरचा पत्रव्यवहार वाचताना फार वाईट वाटलं. 1649 मध्ये इंग्रजांनी जिथे वखार घातली, 1661 मध्ये शिवाजी महाराजांनी जी लुटली, त्या पेठेपर्यंत मोठी गलबतं येत असत. पुढे गाळाने खाडी भरत गेली आणि गलबतं खालीच थांबायला लागली.

मुंबईला राहण्याचा खर्च चुलतबहिणीमुळे वाचला. बाकी रेल्वे, जेवण, नकला मिळून प्रत्येक फेरीला तीन-साडेतीन हजारांच्या आत भागायचं.

मग मोडी लिपी आली. पेशवेकालीन कागदांशिवाय पुढे सरकणं शक्य नव्हतं, आणि पुण्याच्या पेशवे दप्तरात बहुतेक सगळं मोडीत. 2023 च्या उन्हाळ्यात मी आणि गुरुजी एका प्रशिक्षण वर्गाला बसलो. अक्षरं महिन्याभरात ओळखू येतात. शब्द तोडायला मात्र सहा महिने लागतात, कारण लेखणी न उचलता ओळ पुरी केलेली असते. सगळ्यात जास्त अडवते ती तारीख. वर्ष अरबी शब्दांत असतं: 'सन खमस खमसैन मया व अलफ'. म्हणजे पाच, पन्नास, शंभर आणि हजार, एकूण 1155. हे शुहूर सन. मृगापासून, म्हणजे जूनच्या सुरुवातीपासून, हे वर्ष सुरू होतं. जून ते डिसेंबरच्या कागदाला 599 मिळवायचे आणि जानेवारी ते मेपर्यंतच्या कागदाला 600. म्हणजे 1155 हे 1754-55. इंग्रज आरमाराच्या कमोडोर जेम्सने पेशव्यांच्या बाजूने सुवर्णदुर्गावर तोफा डागल्या तो एप्रिल 1755 याच वर्षातला. ही बेरीज वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, पदोपदी लागते.

सुवर्णदुर्गाच्या त्या मोहिमेचं वाचन मला जड गेलं. कोकणातल्या आरमाराचे प्रमुख तुळाजी आंग्रे आणि पेशवे यांचं फाटलेलं, त्यात इंग्रज मदतीला बोलावलेले. सुवर्णदुर्ग पेशव्यांकडे आला, बाणकोट इंग्रजांच्या हाती गेलं, आणि पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी 1756 मध्ये, विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांचं आरमार जळालं. तुळाजींचे वडील कान्होजी यांच्या मृत्यूला, 1729 ला, तेव्हा तीस वर्षंही झाली नव्हती. या जहाजांवर आपल्याच किनाऱ्यावरचे भंडारी, खारवी, गाबीत, कोळी, दालदी खलाशी होते. त्यांच्या वस्त्या आजही त्याच खाड्यांवर आहेत. फलकावर आम्ही जय-पराजयाच्या आधी ही नावं लिहिली.

मधल्या काळात माहितीच्या अधिकाराचा मार्गही धरला होता. एका सरकारी कार्यालयात शिडाच्या जहाजांच्या जुन्या नोंदवह्या असल्याचं कानावर आलं होतं. मार्च 2023 मध्ये 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज दिला. तीस दिवस संपता संपता एका ओळीचं उत्तर आलं: अभिलेख उपलब्ध नाही. इथेच बरेच जण सोडून देतात. मी पहिलं अपील केलं, 20 रुपयांचं तिकीट लावून, आणि मागणी बदलली. नोंदवही मागण्याऐवजी अभिलेखांची वर्गवारी यादी आणि नष्ट केलेल्या अभिलेखांची यादी मागितली. सरकारी दप्तरात कागदांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. 'अ' वर्गातलं कायम ठेवायचं, 'ब' तीस वर्षं. 'उपलब्ध नाही' म्हणजे नष्ट केलं की सापडत नाही, हे यादीवरून कळतं. सुनावणी पावसाळ्यात झाली. तिथल्या नव्या बाईंनी स्वतः माळ्यावर चढून गठ्ठे खाली काढून दिले. दोन नोंदवह्या निघाल्या, वाळवीने कडा खाल्लेल्या. जहाजाचं नाव, प्रकार, मालक, तांडेल (जहाजावरचा मुख्य), किती खंडी (जुनं माप) माल मावतो, अशा रकान्यांच्या. 2 रुपये पानाप्रमाणे नकला मिळाल्या. तुम्ही अर्ज कराल तर 'का', 'कशासाठी' असे प्रश्न त्यात घालू नका. कागदाचं नाव आणि वर्षं लिहा, आणि शेवटी 'निरीक्षण करू द्यावे' ही ओळ न विसरता घाला.

या कामातला सगळ्यात सुंदर काळ म्हणजे 2023 चा जून आणि जुलै. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. आगोट, म्हणजे पावसाळ्याची सुरुवात, लागलेली, होड्या वर ओढून झापांनी शाकारून ठेवलेल्या, म्हातारी माणसं पडवीत बसलेली. मुलाखती घ्यायच्या तर याच दिवसांत. एरवी जाल तर घरात बायका आणि पोरं भेटतील, पुरुष दर्यावर.

जयगडच्या अलीकडे एका वाडीत ऐंशी ओलांडलेले एक तांडेल भेटले. सगळे त्यांना चाचा म्हणतात, आम्हीही म्हटलं. पहिल्या भेटीत ते आमच्याशी फारसं बोलले नाहीत. "कागद करायला आलाव काय?" एवढं विचारलं आणि चहा दिला. दुसऱ्या खेपेला मी नोंदवहीच्या नकला नेल्या. त्यात त्यांच्या वडिलांच्या फत्तेमारीचं, म्हणजे शिडाच्या मालवाहू जहाजाचं, नाव होतं. चष्मा लावून त्यांनी बोट ठेवून ती ओळ वाचली, मग आतून एक लाल कापडाचं बासन मागवलं.

आत लांबट चोपडी होती. सुरुवातीची पानं मोडीत, पुढची बाळबोधीत (देवनागरीत). मंगळुराहून कौलं, परत जाताना मीठ. खलाशांची खर्ची, भत्त्याचे तांदूळ, सुंभाचे दोर, शिडाच्या कापडाचे वार, चंद्रूस (लाकडाला लावायची राळ) आणि तेल. एका पानावर तेलाचा डाग इतका जुना की कागद तिथे पारदर्शक झालेला. मधल्या पानांवर जमिनीच्या खुणा लिहिलेल्या होत्या: अमुक टेकडी देवळाच्या मागे लपली की वळायचं, दोन माड एक झाले की तळाला खडक. चाचांनी हात पुढे धरून तळव्याने तो डोंगर कसा उगवतो, कसा बसतो ते दाखवलं. रात्री मतलई वारा सुटला की निघायचं, दुपारी खारा वारा धरून किनाऱ्याकडे यायचं. "पुस्तकात नाय मिळनार, मानसाच्या तोंडात हाय," असं ते म्हणाले. ती चोपडी आम्ही त्यांच्या पडवीतच, त्यांच्यासमोर, पान न पान फोटो काढून घेतली. बाहेर नेली नाही. असंच करा. दिलेली वस्तू घरी नेऊ नका, कितीही आग्रह झाला तरी.

मुलाखतीआधी एक पानाचं संमतीपत्र मराठीत करून घ्या: आवाज कुठे वापरणार, नाव छापायचं की नाही, नंतर नको म्हणाले तर काय करणार. वाचून दाखवा, मग सही घ्या. नाव नको म्हणणारे निघतात, त्यांचा मान ठेवायचा. मोबाईलच्या रेकॉर्डिंगला पावसाचा आवाज खातो. चारशे-पाचशे रुपयांचा कॉलरला लावायचा माईक घ्या. आणि पुरुषांइतकंच बायकांना विचारा. कोणत्या वर्षी कोणाची बोट आली नाही, हे त्यांना तिथीवार आठवतं.

याचं एक उदाहरण सांगते. हर्णैकडच्या एका आजींच्या घरात पिढ्यान्पिढ्या सांगत होते की त्यांचे आजेसासरे 'रामदास' बोटीत गेले. रामदास बुडाली 17 जुलै 1947 ला, गटारी अमावास्येला, मुंबईहून रेवसला जाताना. सहाशेहून अधिक माणसं गेली. पण आजी सहज म्हणाल्या, "तुळशीची लग्नं नुकतीच झालेली, ऊस अजून अंगणात होता, असं सासूबाई सांगायच्या." म्हणजे हा जुलै असूच शकत नाही. 11 नोव्हेंबर 1927 ला 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन्ही बोटी एकाच दिवशी बुडाल्या. त्या वर्षीचं पंचांग काढलं तर तुळशीविवाहाचे दिवस नुकतेच सरले होते. रामदासचं नाव एवढं मोठं झालं की आधीच्या बोटींच्या आठवणी त्या नावाखाली जमा झाल्या असाव्यात. आजींना हे सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. नंतर म्हणाल्या, "मग श्राद्धाची तिथी चुकत आली का गो?" घरात श्राद्ध सर्वपित्रीलाच करत होते, त्यामुळे तसं काही झालं नव्हतं. हे कळल्यावर त्यांना बरं वाटलं, आणि मला त्याहून जास्त. इतिहासाची तारीख दुरुस्त करताना समोर कोणाचं तरी घर असतं, हे लक्षात ठेवून बोलावं लागतं.

परदेशी बोटींवर खलाशी म्हणून गेलेल्यांचा शोध हा वेगळाच भाग होता. खेड, दापोली, चिपळूण, रत्नागिरी या पट्ट्यातून विलायती कंपन्यांच्या जहाजांवर, इंजिनघरात आणि डेकवर, पिढ्यान्पिढ्या माणसं गेली. दोन्ही महायुद्धांत बोटी बुडाल्या तेव्हा तीही गेली. मुंबईत मशीद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धातल्या अशा दोन हजारांहून अधिक खलाशांचं स्मारक आहे, ज्यांना समुद्राशिवाय कबर नाही. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर नावं फुकट शोधता येतात. काही नोंदींत वडिलांचं नाव आणि गावही असतं. गावाचं नाव इंग्रजीत चार-पाच वेगवेगळ्या प्रकारे लिहून बघा. त्या वेळच्या कारकुनाने ऐकलं तसं लिहिलेलं असतं. आमच्याकडे आलेल्या एका कुटुंबाला अशी नोंद सापडली. त्यांच्याकडे आजोबांचं फक्त एक डिस्चार्ज बुक (खलाशाच्या सफरींची नोंदवही) होतं, शेवटच्या सफरीचा शिक्का नसलेलं. जहाजाचं नाव, तारीख, सगळं जुळलं. त्या घरातल्या पोरांनी ते पान छापून भिंतीवर लावलं आहे.

कागदपत्रं जपण्याबद्दल एक गोष्ट. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात मंडणगड-दापोलीकडच्या कितीतरी घरांची कौलं उडाली आणि पेट्या भिजल्या. जुलै 2021 च्या पुरात चिपळूण बुडालं. ज्या घरी जायचो तिथे 'होतं, पण गेलं' हे ऐकायला लागायचं. म्हणून पहिल्याच भेटीत निदान मोबाईलवर तरी फोटो काढा, चांगला कॅमेरा नंतर न्या.

ऑक्टोबर 2023 ते मार्च 2024 भावाने किनाऱ्यावरचे फोटो काढले. जुने धक्के, बांधून काढलेली गोदी, नांगर बांधायचे दगड हे ओहोटीलाच दिसतात. भरतीची वेळ काढायची आपल्याकडची रीत ठाऊक असेलच: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता पूर्ण भरती. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची ओहोटी सगळ्यात खोल जाते, तेव्हाच जायचं. सोबत गावातला माणूस हवाच, चिखलात पाय कुठे टाकायचा ते त्यालाच माहीत. प्रवासाला सागरी रस्ता धरा. वेशवी–बागमांडला, दाभोळ–धोपावे आणि जयगड–तवसाळ या फेरीबोटींनी खाड्या ओलांडल्या की वळसा वाचतो, आणि खाडीचं तोंड पाण्यातून बघायला मिळतं, जसं खलाशाला दिसायचं.

केंद्र संरक्षित किल्ल्यांत साधे फोटो काढता येतात, पण तिकाटणं (ट्रायपॉड) आणि चित्रीकरण याला पुरातत्त्व विभागाची परवानगी लागते. ती ऑनलाइन अर्जाने महिन्याभरात आली. ड्रोनच्या फंदात आम्ही पडलोच नाही. जयगडचं 1932 चं दीपगृह संध्याकाळच्या ठराविक वेळेत बघता येतं. आधी फोन करून खात्री करा. एका मच्छिमाराच्या अंगणात जाळ्यात आलेला, भोकं पाडलेला दगडी नांगर दिसला. अशी वस्तू सापडली की जागा, खोली, तारीख लिहून पुरातत्त्व विभागाला कळवायचं. शंभर वर्षांवरच्या वस्तूंना 1972 चा पुरावशेष कायदा लागू होतो. विकायची तर नाहीच, घासून स्वच्छही करायची नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत सागरी पुरातत्त्वाचे अभ्यासक आहेत आणि मुंबईत 1978 पासून मेरीटाइम हिस्टरी सोसायटी आहे; नेमका प्रश्न विचारलेल्या ईमेलला अशा ठिकाणांहून उत्तर मिळतं, हा माझा चांगला अनुभव.

एप्रिल 2024 पासून फलक लिहायला घेतले. एका फलकावर दीडशे शब्दांच्या वर नाही, हा गुरुजींचा नियम. सनबोर्डवर छापलेल्या फलकाला सातशे-आठशे रुपये पडले. सगळा खर्च पन्नास हजारांच्या आसपास गेला. निम्मा आम्ही तिघांनी, बाकीचा गावातल्या लोकांनी आणि मुंबईकर मंडळींनी उचलला. वर्गणीचा हिशेब आम्ही हॉलच्या दारातच लावला होता. जेट्टीवर मंडप घालायचा विचार होता, पण ऑगस्टचा पाऊस आणि परवानग्यांचे कागद बघून शाळेचा हॉल घेतला. ग्रामपंचायतीला पत्र, पोलीस ठाण्याला माहितीचं पत्र आणि संस्थेची लेखी परवानगी एवढ्यावर भागलं. जुन्या कौटुंबिक फोटोंसाठी प्रत्येक घराची लेखी परवानगी घेतली होती. जुन्या फोटोचा कायदेशीर हक्क संपलेला असला तरी तो फोटो कोणाच्या तरी आईचा असतो.

नारळी पौर्णिमेला सोन्याचा नारळ वाहून झाल्यावर मिरवणूक थेट शाळेत आली. चाचांना मुलांनी गाडीतून आणलं होतं. ते फत्तेमारीच्या रेखाचित्रासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "परबान वर चढवा अजून." शिडाचा आडवा वासा चित्रात खाली दाखवला गेला होता. आम्ही तिथेच पेन्सिलने खूण केली आणि आठवड्याने फलक नवा छापला. दारात एक वही ठेवली होती, 'यात भर घाला' असं लिहून. तिच्यात अभिप्रायांपेक्षा माहिती जास्त आली: कोणाच्या घरी जुनं सुकाणू आहे, कोण आगबोटीच्या काळात पडावाने (छोट्या होडीने) उतारू किनाऱ्याला आणायचा, कोणत्या घराच्या तुळया मोडलेल्या गलबताच्या सागवानाच्या आहेत. पुढच्या कामाची यादी तीच झाली.

जुलै 2025 मध्ये सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि खांदेरी हे जलदुर्ग इतर आठ किल्ल्यांसह जागतिक वारसा यादीत गेले. त्यानंतर शाळांकडून मागणी वाढली. फलकांच्या फाइल्स आम्ही मागेल त्याला देतो. छपाई ज्याची त्याने करायची, आणि मजकुरात दुरुस्ती केली तर आम्हाला कळवायची, एवढीच अट. मुलाखतींचे ध्वनिमुद्रण आणि संमतीपत्रं यांच्या प्रती दोन वाचनालयांत ठेवल्या आहेत, एक खाडीकाठी आणि एक उंचावर, पुराचं पाणी पोचणार नाही अशा ठिकाणी. सध्या महाडकडच्या एका शाळेशी बोलणं चालू आहे. बाणकोट–महाड जोडीतली महाडची बाजू आमच्याकडे अगदीच तोकडी आहे आणि तिथल्या जुन्या व्यापारी घरांत कीर्द-खतावण्या (हिशेबाच्या वह्या) आहेत असं कळलं आहे. गुरुजींनी त्यासाठी मोडीच्या आकड्यांचा सराव पुन्हा सुरू केला आहे, आणि मी शिफारसपत्राच्या मागे आहे.